बल्गेरियन वर्णमाला व आपली मोडी : लिपिशिक्षणाचा एक तौलनिक विचार

(१) उपोद्घात

दादर व परळ यांच्या सीमेवर हिंदमाता नांवाचा भाग आहे. एका चित्रपटगृहावरून पडलेलें हें नांव आतां चौकाचें, कापडबाजाराचें आणि पावसाळ्यांत तुंबणाऱ्या पाण्याचें होऊन बसलें आहे. अशा ठिकाणीं ऐतिहासिक साधनें कोठून असणार, असें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल. परंतु कोंकणांतून व घाटावरून गिरणीच्या कामासाठीं आलेल्या कुटुंबांनीं आपल्या ट्रंकांतून जे कागद आणले, त्यांचा शोध म्हणावा तसा झालेला नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या कागदांपासून वरवर पाहतां फार दूरचा आहे. बल्गेरिया देशाची वर्णमाला आम्ही साठी उलटल्यावर कशी शिकलों, तिच्या उच्चारांचा विचार संस्कृत शिक्षाशास्त्राच्या आधारें कसा करतां येतो, आणि त्या अभ्यासानें मोडी कागदांकडे पाहण्याची आमची दृष्टि कशी पालटली, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रसंग असा घडला. आमचा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. काळ्या समुद्रावरील वार्ना बंदरांतून त्यानें आमच्यासाठीं दोन पुस्तकें आणलीं. एक तेथील मुलांचें आजचें पहिलें पुस्तक. दुसरें जुन्या बाजारांत मिळालेलें, १९४५ पूर्वीं छापलेलें, शाळेंतील वाचनपाठांचें. ज्याचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें त्यास, भाषा कोणतीहि असो, वर्ण दिसला कीं त्याचें स्थान व प्रयत्न शोधण्याची खोड असते. आम्हीं पहिलें पुस्तक उघडलें, आणि तीन आठवड्यांत अडखळत कां होईना तें वाचूं लागलों. मग दुसरें उघडलें, आणि पहिल्याच पानावर थांबलों. तें कां, याचा खुलासा चौथ्या कलमांत केला आहे.

(२) लिपीचा पूर्ववृत्तांत

या लिपीस 'सिरिलिक' म्हणतात, आणि ती मूळची रशियाची असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिति उलट आहे. ती बल्गेरियांत घडली व तेथून रशियास गेली. थेस्सलोनिकी येथील कॉन्स्टंटाइन (यालाच पुढें सिरिल हें नांव मिळालें) व मेथोडियस हे दोघे बंधु ८६३ सालीं मोराव्हियांत धर्मोपदेशास गेले. स्लाव्ह लोकांस त्यांच्याच वाणींत धर्मग्रंथ मिळावेत म्हणून सिरिलानें जी लिपि रचली ती आजची नव्हे. ती 'ग्लागोलितिक' नांवाची, वाटोळ्या फांसांची अगदीं निराळी लिपि होती. सिरिल ८६९ सालीं रोम येथें वारला, मेथोडियस ८८५ सालीं वारला, आणि त्यांच्या शिष्यांस मोराव्हियांतून हांकलून देण्यांत आलें. ८८६ सालीं क्लेमेंट, नौम आदिकरून शिष्य बल्गेरियाचा राजा बोरिस याच्या आश्रयास आले.

बोरिसानें त्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परंतु उपासना ग्रीक भाषेंत चाले आणि उपाध्यायहि ग्रीक असत. राज्य आपलें पण वाणी परक्याची, ही त्याची अडचण होती, व ती या शिष्यांनीं दूर केली. क्लेमेंटाची नेमणूक नैर्ऋत्येकडील ओहरिडच्या प्रांतीं झाली. तेथें त्यानें साडेतीन हजार शिष्य तयार केले असें त्याच्या चरित्रांत म्हटलें आहे. ८९३ सालीं बोरिसाचा पुत्र सिमेऑन गादीवर आला, राजधानी प्रेस्लाव्ह येथें गेली, आणि राज्यकारभार व उपासना या दोहोंत ग्रीकाच्या जागीं स्लाव्ह वाणी आली. प्रेस्लाव्हच्या विद्वानांनीं ग्रीकांच्या मोठ्या अक्षरांचा सांगाडा घेऊन, ज्या ध्वनींस ग्रीकांत अक्षर नव्हतें त्यांच्यासाठीं निराळीं चिन्हें बसविलीं. हीच आजच्या सिरिलिक लिपीची जननी. गुरूनें रचलेली लिपि मागें पडली, पण गुरूचें नांव शिष्यांच्या लिपीस मिळालें. मोडीच्या बाबतींत हेमाद्रिपंताचें नांव असेंच परंपरेनें चालत आलें आहे. लिपीची घडण अनेक हातांनीं होते, परंतु लोकांस तिच्यासाठीं एक नांव हवें असतें.

नवी लिपि आली म्हणजे वादहि येतोच. ग्रीक अक्षरें असतां हीं दुसरीं कशास, असें विचारणाऱ्यांस ख्राबर नांवाच्या बल्गेरियन भिक्षूनें अक्षरांविषयीं एक छोटा प्रबंध लिहून उत्तर दिलें. पूर्वीं स्लाव्ह लोकांपाशीं ग्रंथ नव्हते, ते रेघा व खांचा यांवर हिशेब व शकुन पाहत, हें तो मोकळेपणीं मान्य करतो. आणि मग विचारतो कीं, 'झिवोत' (जीवित), 'त्सर्कव' (देवालय) असले शब्द ग्रीक अक्षरांनीं नीट लिहावे तरी कसे? प्रश्न साधा आहे, पण त्यांत लिपिशास्त्राचें सगळें बीज आहे. जो ध्वनि वाणींत आहे त्यास लेखणींत जागा असावी, हा तो सिद्धान्त होय.

पुढें चौदाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरिया तुर्कांच्या अमलाखालीं गेला, आणि ही लिपि मुख्यतः मठांच्या आधारानें जगली. १७६२ सालीं, म्हणजे पानिपतच्या दुसऱ्या वर्षीं, ॲथॉस पर्वतावरील पाइसी नांवाच्या भिक्षूनें आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो ऐंशी वर्षांहून अधिक काळ छापला गेला नाहीं. गांवोगांवच्या उपाध्यायांनीं त्याच्या नकला करून घेतल्या. सोफ्रोनी नांवाच्या धर्मगुरूनें १७६५ सालीं केलेली नकल त्यांपैकीं आरंभींची आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. १८२४ सालीं पेतर बेरोन यानें ब्राशोव्ह येथें मुलांसाठीं पहिलें आधुनिक अक्षरपुस्तक छापलें. त्यावरील मोठ्या माशाच्या चित्रामुळें लोक त्यास 'माशाचें पुस्तक' म्हणूं लागले. १८३५ सालीं गाब्रोव्हो येथें नव्या पद्धतीची शाळा निघाली. राज्य नव्हतें तेव्हां अक्षरें होतीं; १८७८ सालीं राज्य मिळालें तेव्हां तें अक्षरांस मिळालें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

(३) वर्ण व उच्चार

आजच्या बल्गेरियन वर्णमालेंत तीस अक्षरें आहेत. तीं पाठ करण्यापूर्वीं आम्हीं त्यांचे चार वर्ग पाडले. रोमन लिपि ठाऊक असलेल्या कोणाहि मराठी वाचकास ही वर्गवारी उपयोगी पडेल.

पहिला वर्ग ओळखीच्या अक्षरांचा. आ, ए, क, म, ओ, त या सहा ध्वनींचीं चिन्हें रोमन अक्षरांसारखींच आहेत व त्यांचा ध्वनिहि अपेक्षित असाच आहे. दुसरा वर्ग फसव्या अक्षरांचा. रोमन बी दिसते तेथें व म्हणावा, एच दिसतो तेथें न, पी दिसते तेथें र, सी दिसते तेथें स, वाय दिसतो तेथें उ, आणि एक्स दिसतो तेथें घशांतील घर्षक ख, जसा फारसी जाणणारा 'खबर' या शब्दांत करतो तसा. हींहि सहाच. तिसरा वर्ग भूमितीच्या पुस्तकांतील ग्रीक ओळखींचा : ग, द, ल, प, फ यांचीं चिन्हें गॅमा, डेल्टा, लॅम्डा, पाय व फाय यांवरून आलीं आहेत. हीं पांच. उरलेलीं तेरा अक्षरें खरीखुरीं अनोळखी होत. आमचा अनुभव असा कीं, हीं तेरा आठ दिवसांत आलीं. परंतु फसवीं सहा महिनाभर छळीत राहिलीं. अज्ञानापेक्षां अर्धवट ओळख अधिक घातक, हें शिक्षकीच्या काळांत विद्यार्थ्यांस सांगितलेलें वाक्य आम्हांवरच उलटलें.

आतां उच्चार. आपल्या पंचवीस स्पर्शवर्णांपैकीं येथें स्वतंत्र अक्षर असलेले क, ग, च, त, द, न, प, ब, म हे नऊच उरतात. महाप्राण नाहींत, मूर्धन्य वर्ग मुळींच नाहीं. त व द हे शुद्ध दंत्य आहेत, त्यामुळें इंग्रजी शिकतांना मराठी जिभेस जो ट-काराचा घोटाळा भोंवतो तो येथें होत नाहीं. स्वरांत ह्रस्वदीर्घ भेद नाहीं. आघात मात्र आहे. तो कोणत्या अक्षरावर पडेल हें लिहून दाखवीत नाहींत, आणि आघात नसलेला आ अ-कडे व ओ उ-कडे झुकतो.

दोन गोष्टी मराठी माणसास विशेष सुखाच्या आहेत. पहिली, या भाषेंत आपल्या ह्रस्व अ-काराच्या अगदीं जवळचा एक स्वर असून त्यास स्वतंत्र अक्षर आहे. रशियन भाषेंत तेंच चिन्ह मूक असतें. बल्गेरियनांत तें पूर्ण स्वर आहे. देशाच्या नांवांतील पहिला स्वर हाच. म्हणून तेथील मनुष्य आपल्या देशास जें म्हणतो तें 'बल्गारिया' असें देवनागरींत जवळजवळ जसेंच्या तसें उतरतें. रोमन लिपीस मात्र त्यासाठीं दुसऱ्या एखाद्या स्वराचें चिन्ह उसनें आणावें लागतें.

दुसरी गोष्ट च-काराची. आपण 'चार' म्हणतों तेव्हां च तालव्य असतो. 'चाक' म्हणतों तेव्हां तो दंततालव्य असतो. कान हा भेद जाणतो, बालबोध लिपि जाणत नाहीं. दोहोंस एकच अक्षर. बल्गेरियन लिपींत या दोहोंस दोन निराळीं अक्षरें आहेत : 'चाय' म्हणजे चहा, यांतील च आपल्या 'चार' मधला, आणि राजास 'त्सार' म्हणतात, यांतील आद्य वर्ण आपल्या 'चाक' मधला. आपली लिपि जगांत सर्वांत शास्त्रशुद्ध, असें आम्ही चाळीस वर्षें वर्गांत सांगत आलों. तें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. परंतु मराठीच्या एका रोजच्या ध्वनिभेदास दहाव्या शतकांतील परक्या लिपींत जागा मिळाली आणि आपल्या लिपींत मिळाली नाहीं, हें पाहून आमचा अभिमान थोडा जमिनीवर आला.

श-कारास घोष दिला म्हणजे जो ध्वनि होतो तो मराठींत नाहीं. तो प्रयत्नानें साधावा लागतो. 'श्त' या जोडध्वनीस एकच अक्षर आहे. तेंच अक्षर रशियन भाषेंत श्च-सारखें वाचतात, म्हणून रशियन शिकलेल्यानें येथें सावध असावें. शब्दाच्या अंतीं घोष वर्ण अघोष होतो : नगरास 'ग्राद' लिहितात व 'ग्रात' म्हणतात, परंतु पुढें स्वरादि प्रत्यय लागला कीं द परत येतो. संस्कृतज्ञास यांत नवल नाहीं. 'सुहृद्' शब्दाचें प्रथमेचें एकवचन अवसानीं 'सुहृत्' होतें आणि 'सुहृदः' मध्यें द जागा होतो, तसाच हा प्रकार. पाणिनीनें जो विकल्प सांगितला तो काळ्या समुद्राच्या कांठीं नियम होऊन बसला आहे.

शब्दांकडे पाहिलें तर ओळख आणखी वाढते. मधास 'मेद', धुरास 'दिम', अग्नीस 'ओगन', नव्यास 'नोव्ह', सुनेस 'स्नाहा' म्हणतात. मधु, धूम, अग्नि, नव, स्नुषा हे शब्द वाचकांच्या मनांत आपोआप उभे राहतील. रात्रीस 'नोश्त' म्हणतात. त्यांतील 'श्त' हा मूळच्या 'क्त' चा परिणाम असून आपलें 'नक्तम्' त्याचें भावंड आहे. कन्येस 'दश्तेर्या' म्हणतात, तीच आपली दुहिता.

(४) गळलेलीं अक्षरें

आतां दुसऱ्या पुस्तकाकडे वळूं. तीन आठवडे घोकलेली वर्णमाला घेऊन आम्हीं जुनें पुस्तक उघडलें, तों प्रत्येक ओळींत अनोळखी अक्षरें; शिवाय अर्ध्याहून अधिक शब्दांच्या शेवटीं तो अ-काराचा वर्ण उभा, जो तेथें वाचावा तर शब्द बिघडतो. शोध घेतां उलगडा झाला. १९४५ सालीं बल्गेरियांत शुद्धलेखनाची सुधारणा झाली. तोंपर्यंत अक्षरें बत्तीस होतीं. त्यांतील दोन काढून टाकलीं, आणि व्यंजनान्त शब्दांच्या शेवटीं लिहिला जाणारा मूक वर्णहि काढला. त्यामुळें छपाई सोपी झाली, कागद वांचला, मुलांचा त्रास गेला. सुधारणा वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं.

परंतु गळलेलीं तीं दोन अक्षरें कोणतीं होतीं? एक असें होतें कीं तें पूर्वेकडील लोक कित्येक शब्दांत 'या' वाचीत व पश्चिमेकडील 'ए' वाचीत. भाकरीस कोणी 'ख्ल्याब' म्हणो, कोणी 'ख्लेब'. लिहीत सगळे एकच. अक्षर गेलें, आणि लेखनांत पूर्वेचा उच्चार प्रमाण झाला. दुसरें अक्षर मूळचें अनुनासिक स्वराचें होतें. त्याचें अनुनासिकत्व प्रमाण उच्चारांतून केव्हांच गेलें होतें व तें साध्या अ-कारासारखें वाचीत. म्हणून तें निरर्थक समजून काढलें. पण मार्गास आज जो 'पत' हा शब्द आहे तो त्या अक्षरानें लिहिला जाई, आणि त्यांत आपल्या 'पन्थाः' मधील न-काराची आठवण होती. दांतास आज 'ज़ब' म्हणतात. त्यांतहि तें अक्षर होतें, आणि त्यांत वैदिक 'जम्भ' मधला म-कार निजलेला होता. याच जातीचें आणखी एक अनुनासिक अक्षर त्याच्या पूर्वींच व्यवहारांतून गेलें होतें. पांच या संख्येस आज 'पेत' म्हणतात. जुन्या ग्रंथांत तो शब्द त्या अक्षरानें, 'पेँति' असा, लिहिलेला सांपडतो. समोर संस्कृत 'पञ्च' ठेवावें म्हणजे तें अनुनासिक कोठून आलें तें कळतें.

हें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. कारण १९६२ सालच्या नियमांनीं मराठींतहि अगदीं हेंच झालें. 'पांच' वरील अनुस्वार उच्चारांत नाहीं म्हणून काढला, आणि 'पाच' झालें. 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'केलें', 'घरांत' हे सगळे अनुस्वार त्याच न्यायानें गेले. मुलांस शिकवितांना आम्हीं नवेच नियम शिकविले, व तेंच योग्य होतें; जो उच्चार नाहीं त्याच्यासाठीं मुलाचे गुण कापणें हा अन्याय आहे. परंतु स्वतः लिहितांना आम्ही अनुस्वार देतों. हा हट्ट नव्हे. जुना कागद वाचणाऱ्याच्या हातास ती सवय असावी लागते. नाहीं तर 'पञ्च' पासून 'पाच' पर्यंतच्या वाटेवरचा मधला दगड त्यास कधींच दिसणार नाहीं.

(५) मोडीची कथा

बल्गेरियांत दोन अक्षरें गेलीं. आपल्याकडे सबंध लिपि गेली. हाच या तुलनेचा मुख्य मुद्दा होय.

मोडीचें श्रेय परंपरा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादवांचा मंत्री हेमाद्रि यास देते. तें श्रेय निर्विवाद नाहीं. लेखणी न उचलतां भरभर लिहिण्याची गरज एका मंत्र्याची नसते, ती प्रत्येक कारकुनाची असते. आधीं पानभर शिरोरेषा ओढावी, मग बोरू शक्य तों न उचलतां अक्षरें तिला लटकवीत जावीं; दोन शब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं, इ-ई व उ-ऊ यांत भेद नाहीं. यादवकाळापासून आंग्लकाळापर्यंत वळणें बदललीं, पण हा स्वभाव कायम राहिला. छपाई आली तेव्हां मोडीचेहि ठसे पाडले गेले; सेरामपूर येथें विल्यम केरी याचा मराठी कोश १८१० सालीं मोडी ठशांत छापला गेला. परंतु छापील ग्रंथांत पुढें बालबोधच स्थिर झाली. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारांतहि मोडीच्या जागीं बालबोध घेण्याचें ठरविलें. शाळांतून मोडी त्यानंतरहि कांहीं दशकें शिकवीत; मग तीहि गेली. आमच्या वडिलांस मोडी येत असे. आम्हांस कोणीं शिकविली नाहीं, आणि आम्हींहि विचारली नाहीं.

मोडी वाचतांना बालबोध जाणणारास तेच चार वर्ग भेटतात : कांहीं अक्षरें ओळखीचीं, कांहीं फसवीं, कांहीं अनोळखी, आणि कांहीं स्वरचिन्ह जोडतांच रूप पालटणारीं. शिवाय उच्चाराचा भाग येथें अधिक मोठा आहे. मोडी डोळ्यानें नव्हे, कानानें वाचावयाची लिपि आहे. ह्रस्वदीर्घ लिपि दाखवीत नाहीं, शब्द कोठें तुटतो तें दाखवीत नाहीं. तो निर्णय ज्याच्या कानांत जुनी मराठी वाजते तोच करूं शकतो. तारखांचेंहि तसेंच. 'अर्बा सबैन मया व अलफ' हे शब्द अरबी संख्यांचे आहेत हें उच्चार करून पाहिलें म्हणजे ध्यानांत राहतें : चार, सत्तर, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११७४, म्हणजे इसवी १७७३ च्या मृगापासून १७७४ च्या मृगापर्यंतचें वर्ष. याच वर्षांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रसंगाची 'ध चा मा' ही कथा सर्वश्रुत आहे. 'धरावें' याचें 'मारावें' कोणीं खरोखर केलें कीं नाहीं, हा वाद बाजूस ठेवूं. परंतु एका अक्षरावर एका माणसाचा जीव लटकूं शकतो असें ज्या समाजास वाटलें, त्या समाजास अक्षराचें वजन ठाऊक होतें एवढें खास.

हें वजन ज्यांनीं ओळखलें त्यांत आमच्या पेशाचे लोक कमी नव्हते. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) हे शाळेंत संस्कृत शिकवीत. शाळा सांभाळून त्यांनीं पटवर्धनांचे कागद वाचले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध केला. राजवाड्यांचे बावीस खंड, आणि रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेले पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग, हें सर्व मोडी वाचणाऱ्या डोळ्यांचें काम आहे. तरीहि पुण्याच्या पेशवे दप्तरांत हजारों रुमाल आहेत, तंजावरच्या सरस्वतीमहालांत मोडी कागद आहेत, आणि खासगी घरांत किती आहेत तें सांगवत नाहीं. कागद वाढत नाहींत. ते फक्त कमी होतात. वाचणारे वाढले तरच हिशेब जुळेल.

(६) आमची एक चूक

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत हिंदमात्याच्या सखल भागांत पाणी भरलें, तेव्हां आमच्या शेजारच्या चाळींतील तळमजल्यावरचें एक कुटुंब भिजलेली ट्रंक घेऊन आमच्याकडे आलें. आजोबांनीं कोंकणांतून आणलेले कागद आंत होते. घरांतील मुलानें एक बंद हातांत धरला होता, तो उलटा. "मास्तर, तुम्ही संस्कृतचे, हें काय आहे तेवढें बघा. कामाचें नसेल तर टाकून देतों," असें तो म्हणाला. आम्हीं पाहिलें. आम्हांस एक ओळहि वाचतां आली नाहीं. तें कबूल करण्याची लाज वाटली, म्हणून "जुने हिशेब दिसतात" असें आम्हीं कांहींतरी सांगितलें. चार दिवसांनीं पाहतों तों ट्रंक धुऊन उन्हांत वाळत होती, व कागद कचऱ्याच्या गाडींत गेले होते.

एकच बंद वांचला. तो आमच्या टेबलावर राहिला होता म्हणून. पुढें आम्ही मोडी शिकलों ती त्या बंदाच्या भीतीनें. दोन वर्षांनीं तो वाचला. शके १७७२ मधील तो वांटणीपत्राचा शेवटचा बंद निघाला : दोघां भावांमध्यें शेताच्या दोन तुकड्यांची व आंब्यांच्या झाडांची वांटणी, आणि थोरल्याच्या विधवेस हयातीपर्यंत धान्य देण्याची कबुली. हिशेब नव्हता, एका बाईच्या पोटाची हमी होती. पहिले बंद काय सांगत होते तें आतां कोणासहि कळणार नाहीं. तो बंद व त्याचें बालबोध लिप्यंतर आम्हीं त्या कुटुंबास नेऊन दिलें आणि आमची चूकहि सांगितली. मुलानें तो कागद बराच वेळ पाहिला. मग त्यानें एवढेंच विचारलें, "मास्तर, हें शिकायला किती दिवस लागतात?"

(७) कांहीं सूचना

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं नीट देतां आलें नाहीं. बल्गेरियन वर्णमाला शिकल्यावर देतां आलें. प्रौढ माणसास नवी लिपि महिन्याभरांत वाचतां येऊं लागते. ती सहज वाचण्यास वर्ष लागतें. शिकण्याचा क्रम आम्ही असा सुचवितों.

प्रथम अक्षरांचे वर्ग पाडावेत व फसव्या अक्षरांवर अधिक वेळ घालवावा. दुसरें, आरंभ उशीराच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या वळणापासून करावा आणि तेथून पेशवाईकडे व शिवकालाकडे मागें मागें जावें. आजचें अक्षरपुस्तक आधीं व १९४५ पूर्वींचें नंतर, हा क्रम आम्हांस बल्गेरियनांत फळला. तिसरें, मोठ्यानें वाचावें. चवथें, रोज एक ओळ स्वतःच्या हातानें उतरावी. कारण छापील व हाताचें यांत अंतर असतेंच. बल्गेरियन हस्ताक्षरांत त हा रोमन एम्-सारखा व प हा रोमन एन्-सारखा दिसतो, आणि लिहून पाहिल्यावांचून तें पटत नाहीं. पांचवें, भिजलेला कागद कधींहि फेंकूं नये. तो उन्हांत न घालतां सावलींत वाऱ्यावर ठेवावा, चिकटलेले बंद ओले असतां ओढून सोडवूं नयेत, मधून टीपकागद घालून ते बदलीत राहावें. वाचणारा आज नसेल; उद्यां मिळेल.

साधनें आज पूर्वींपेक्षां सुलभ आहेत. मोडीस २०१४ सालीं युनिकोड या जागतिक संगणक-वर्णसंचांत स्थान मिळालें. राज्याच्या पुराभिलेख खात्याकडून व इतिहासमंडळांकडून मोडीचे वर्ग चालविले जातात. आणि हिंदमात्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नायगांवांत, १८९८ सालीं स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. उणीव आहे ती अगत्याची. बल्गेरियांत दर वर्षीं २४ मे रोजीं अक्षरांचा सण असतो. शाळांतून मुलें सिरिल व मेथोडियस यांच्या तसबिरी फुलांनीं सजवून मिरवणुकी काढतात. २००७ सालीं तो देश युरोपीय संघांत गेला तेव्हां त्याची लिपि संघाची तिसरी अधिकृत लिपि झाली. लहान राष्ट्र, परंतु अक्षरें खालीं ठेवलीं नाहींत.

मिरवणूक आपण काढलीच पाहिजे असें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस मोडी येते त्या प्रत्येकानें वर्षभरांत एका तरी माणसास ती शिकवावी, एवढी आमची विनंति आहे. आम्हीं आरंभ केला आहे. तो शेजारचा मुलगा आतां दोन मुलांचा बाप आहे. दर रविवारीं सकाळीं तो आमच्याकडे येतो. गेल्या महिन्यांत त्यानें आपल्या पणजोबांच्या घरचा तो बंद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचला. दोन ठिकाणीं अडला. त्यांतील एक ठिकाण आमच्याच लिप्यंतरांत चुकलेलें निघालें, आणि तें त्यानें दुरुस्त केलें.